सर्टिफिकेट नको, साइट दाखवा

यंदा ईदला खामगावला घरी गेलो होतो. संध्याकाळी मोहल्ल्यातला एक मुलगा भेटायला आला. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे. नोकरीबद्दल विचारायचं होतं त्याला. मोबाइल काढून त्याने मला पाच सर्टिफिकेटं दाखवली. त्यातली तीन सोलर एनर्जीच्या इंटर्नशिपची होती.

मी विचारलं, "इन्व्हर्टर उघडलेला पाहिलास कधी?"

"नाही भाई."

"पॅनेल बसवताना?"

"यूट्यूबवर."

तो हसला, मीही हसलो. पण त्याला बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता. मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आम्हालाही औद्योगिक प्रशिक्षणाचं पत्र आणायला सांगितलं होतं. एका ओळखीच्या माणसाने दोन हजारांत पत्र दिलं. चार आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण, वर्तणूक उत्तम, खाली सही-शिक्का. ते चार आठवडे मी घरी बसून क्रिकेट पाहिलं. कॉलेजने पत्र फाइलला लावलं आणि मला पैकीच्या पैकी गुण दिले. अब्बांनी ते दोन हजार कुठून आणले, हे मी तेव्हा विचारलंही नाही.

त्या पत्राची खरी किंमत मला पुढे कळली. पुण्यात एका कंपनीत मी सौरऊर्जा प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. प्रकल्पातले पॅनेल वीस-पंचवीसच्या माळांमध्ये जोडलेले असतात, त्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. एका स्ट्रिंगचा करंट बाकीच्यांपेक्षा कमी दिसला की माझा प्रोग्राम 'पॅनेल खराब' असा इशारा द्यायचा. एका साइटवर रोज दुपारी चारनंतर हा इशारा येऊ लागला. आम्ही दोनदा पॅनेल तपासायला माणसं पाठवली. तिसऱ्यांदा तिथल्या वायरमनचा फोन आला. "साहेब, प्यानल खराब नाही. चार वाजले की त्या निंबाची सावली पडते त्याच्यावर."

कंपनीचे पैसे गेले आणि मान माझी खाली गेली. चार दिवस जरी खऱ्या प्रकल्पावर काढले असते, तर सूर्य पश्चिमेला सरकतो आणि झाडाला सावली असते, एवढं तरी प्रोग्राम लिहिताना आठवलं असतं.

म्हणून आज हे लिहितोय. आमच्या वेळी निदान एक सबब होती. बुलढाणा जिल्ह्यात वीज तयार होताना बघायची सोय कुठे होती? फार तर शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक केंद्र. तिथली एक दिवसाची सहल म्हणजे आमचं प्रात्यक्षिक. पवनचक्क्या बघायच्या तर साताऱ्याकडे जावं लागे. आज ती सबब उरलेली नाही. हा उद्योग चालत आपल्या शिवारात आलाय.

राज्य सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू केली. महावितरणच्या उपकेंद्रांजवळच्या जमिनीवर छोटे सौर प्रकल्प उभारायचे, त्यांची वीज शेतीच्या फीडरला द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला रात्री विंचू-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागणार नाही, अशी ही योजना. त्यासाठी सरकारी जमिनी घेतल्या जातात. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला तो २५ वर्षं सांभाळायचा असतो. याशिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप शेतात बसताहेत. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर ३ किलोवॉटचा संच बसवला की ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. खामगाव, मलकापूर, चिखली, कुठल्याही गावात उंच गच्चीवर चढून बघा, निळे-काळे पॅनेल दिसतील.

आता हिशेब करा. एक मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. पाच मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे ५५० वॉटचे नऊ हजारांवर पॅनेल. त्यांचे सांगाडे, केबल, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग, वीजरोधक, मीटर. इलेक्ट्रिकल, सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा सगळ्या शाखांचं पुस्तक तिथे एकाच शेतात उघडं पडलेलं असतं.

आणि जिल्ह्यात विद्यार्थी किती! शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. चिखली, मलकापूर, बुलढाण्यात कॉलेजं आहेत, खामगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तरीही प्रकल्पाचं काम निघतं तेव्हा ठेकेदाराची टोळी बाहेरून येते, इंजिनिअर बाहेरून येतो. गावातल्या पोरांच्या वाट्याला चौकीदारी आणि पॅनेल धुण्याचं काम येतं. आपली मुलं मात्र तेव्हा सोलरचं ऑनलाइन सर्टिफिकेट डाउनलोड करत असतात.

यात एक गोष्ट मला विशेष सलते. आपल्या मोहल्ल्यांमध्ये विजेचं हुनर पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोटार रिवाइंडिंगची दुकानं, वायरमन, वेल्डर, बोअरवेलचे मिस्त्री हे आपलेच चाचा-मामू आहेत. जळालेल्या मोटारीचा नुसता वास घेऊन काय झालंय ते सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्याच घरातला मुलगा इंजिनिअरिंगला गेला की दुकानात बसायला लाजतो. "अब्बा, मी इंजिनिअर होतोय, मिस्त्री नाही," हे वाक्य मीही बोललोय. एकाकडे हात आहेत पण कागद नाही; दुसऱ्याकडे कागद आहे पण हात नाहीत. दोघं एकाच छताखाली राहतात आणि एकमेकांना काही शिकवत नाहीत. ही आपण स्वतः करून घेतलेली गरिबी आहे.

मग खरा अनुभव म्हणजे काय? माझ्या मते, ज्यातून तुमच्या हातात स्वतः मोजलेला एखादा आकडा येतो तो. एक उदाहरण देतो. पॅनेलवर ५५० वॉट लिहिलेलं असतं, पण ते पॅनेलचं तापमान २५ अंश असताना. तापमान एका अंशाने वाढलं की ताकद साधारण ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्यात खामगावच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, तर ४० अंशांचा फरक, म्हणजे १४ टक्के घट. ५५० चे ४७३ उरले. हे गणित परीक्षेत सगळ्यांना येतं. पण थर्मामीटर लावून, धूळ पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर रीडिंग घेऊन, महिनाभराची वही घेऊन मुलाखतीला येणारा विद्यार्थी मला आजवर एकच भेटला. त्याला आम्ही घेतलं. त्याचे टक्के किती होते, ते आता आठवतही नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. सोलर म्हणजे खेळणं नव्हे. मोठ्या प्रकल्पात डीसी व्होल्टेज हजार-दीड हजारापर्यंत जातं. ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझायला मदत होत नाही, ती पेटतच राहते. म्हणून जाणत्या माणसाशिवाय, हातमोजे-हेल्मेटशिवाय, विम्याशिवाय कुणी साइटवर किंवा छतावर चढू नये. 'शिकायला मिळतंय ना' म्हणत फुकटात आणि बेफिकिरीने राबवून घेणं ही इंटर्नशिप नाही, वेठबिगारी आहे.

आणि फुकटात राबायची गरजही नाही. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. १९७३ मध्ये त्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर आले. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हा पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकार देतं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार माणसं असलेल्या छोट्या फर्मलाही घेता येतात. म्हणजे आपल्या गावात सोलर बसवणारा छोटा व्यावसायिकसुद्धा रीतसर एक इंजिनिअर ॲप्रेंटिस ठेवू शकतो. किती जणांना हे माहीत आहे? राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. कायद्याची आणि योजनांची माहिती मोहल्ल्यात पोहोचवणं हे आपल्यासारख्या चळवळींचंच काम आहे. मेळावे आपण घेतोच. एखादा मेळावा ॲप्रेंटिस पोर्टलवर नोंदणी करून देण्याचा का नसावा?

गावकऱ्यांच्या हातातही काही आहे. सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. त्या निमित्ताने ग्रामसभेत कंपनीचे लोक समोर येतात. तिथे एक मागणी आपण ठेवू शकतो. दर प्रकल्पामागे जिल्ह्यातल्या दोन विद्यार्थ्यांना विद्यावेतन आणि विम्यासह दोन महिने काम शिकू द्या. फक्त आपल्या समाजाच्या मुलांना नव्हे, जिल्ह्यातल्या कुठल्याही दोघांना. सगळ्यांसाठी दार उघडलं तर त्यातून आपलीही मुलं आत जातील. कॉलेजांना विनंती एवढीच, की गुण सर्टिफिकेटला देऊ नका, रोजनिशीला द्या. आज काय मोजलं, काय बिघडलं, कुणाकडून शिकलो, खाली साइटवरच्या माणसाची सही.

इथे कुणीतरी विचारणारच, "भाई, नाव बघून परत पाठवतात, त्याचं काय?" खरं आहे. अर्जावरचं नाव वाचून चेहरा बदललेला मीही पाहिलाय. परक्या शहरात खोली शोधताना तर दोनदा. अनुभवाची वही हा भेदभाव संपवणार नाही. त्यासाठीची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पण घराजवळच्या साइटवर खोली शोधावी लागत नाही, आणि हातात काम असलेल्या माणसाला नाकारताना समोरच्याला कारण तरी शोधावं लागतं.

मुलींचं काय? माझी भाची बी.ई. करतेय. तिला साइटवर पाठवायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, जाणार कशी, सोबत कोण? प्रश्न खोटा नाही. प्रकल्प आडशिवारात असतात, तिथे स्वच्छतागृहही नसतं. पण उत्तर 'घरी बस' हे नाही. दोघी-तिघींना एकत्र पाठवा, कंपनीकडे वाहन आणि स्वच्छतागृह मागा. आणि सुरुवात घरापासूनही करता येते. आपल्या गल्लीतल्या दहा घरांची बारा महिन्यांची बिलं गोळा करा. मंजूर भार किती, कुठल्या महिन्यात किती युनिट, छतावर सावली कधी कुठे पडते हे लिहून काढा. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतं, हे धरून प्रत्येक घराचा संच ठरवा. सूर्यघरचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. मशिदीला किंवा शाळेला ते मिळणार नाही. तरी वुजूच्या पाण्याची मोटार, पंखे, दिवे यांचा हिशेब मांडून विश्वस्तांना दाखवा, किती वर्षांत खर्च वसूल होईल ते सांगा. हा कुठल्याही विकत घेतलेल्या सर्टिफिकेटपेक्षा मोठा प्रकल्प आहे.

सोलरमध्ये सगळ्यांना नोकऱ्या मिळतील, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. प्रकल्प उभा राहिला की तिथे मोजकीच माणसं लागतात, आणि सुरुवातीचा पगार पुण्यातल्या आयटीपेक्षा कमीच असतो. पण बॅटरी, विजेची वाहनं, ग्रिड, देखरेखीचं सॉफ्टवेअर, स्वतःची फर्म, पुढे कुठेही गेलात तरी साइटवर घेतलेलं रीडिंग सोबत येतं. मला ते दहा वर्षं उशिरा मिळालं, तेही एका वायरमनच्या फोनवरून.

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन मी आमच्या जुन्या रिवाइंडिंगवाल्या चाचांकडे गेलो. ते आता सौर पंपही दुरुस्त करतात. चाचांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "इंजिनिअर साहेब, उद्या सकाळी सातला. बूट घालून या, चप्पल नको." तो गेला. परवा त्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय.

तुमच्यापैकी जे या उद्योगात आहेत त्यांना एकच विनंती. या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला सोबत साइटवर न्या.