घाट उतरण्याआधी टायर बघा



चतुर्थी जवळ आली की बेळगावातल्या कितीतरी घरांत एकच विषय असतो : गोव्याला कधी निघायचं? जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि साखळी गाठायची. वर पाऊस, पुढे धुकं आणि गाडीत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे. निघताना आपण डबे, औषधं, छत्र्या आठवणीनं घेतो. टायरच्या वाट्याला मात्र पंपावरची हवा, एवढंच येतं.

टायर कधी बदलायचे, असं विचारलं की बहुतेक जण किलोमीटर सांगतात. पण टायर फक्त पळून म्हातारा होत नाही, उभ्याउभ्याही होतो. माझ्या काकांची गाडी बाजार, देऊळ आणि वर्षातून एकदा गोवा, एवढीच फिरते. टायरची नक्षी अगदी ठसठशीत. पण बाजूच्या रबरावर बारीक भेगांची जाळी दिसत होती. मी बदलायला सांगितलं, तर म्हणाले, "कशाला उगाच खर्च? अजून दोन पावसाळे चालतंय की!"

मग मी त्यांना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ते असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. तिथं होतं ३२१६, म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. काका जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आमची नात आणि हे टायर एकाच वयाचे?" नात चौथीत होती. त्याच आठवड्यात चारही टायर बदलले.

रबर काळानुसार कडक होतं, उन्हानं लवकर होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला नीट धरत नाही. म्हणून पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही नवी दिसली तरी ते काढावेत. भेगा पडल्या असतील, तर तेवढीही वाट बघू नये. स्टेपनीलाही हाच हिशेब लागू आहे.

आता नक्षीचं. टायरच्या खाचा शोभेसाठी नसतात, चाकाखालचं पाणी बाहेर काढायला असतात. खाचा उथळ झाल्या की वेगात पाणी निघून जायला वाव मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगतं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकही उपयोगी पडत नाही. कारच्या टायरला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसात घाट उतरायचा असेल तर तिथपर्यंत ताणू नका. ३ मिलिमीटर उरले की मी नवे टायर बघायला लागते.

झीज कुठं झाली आहे तेही बघा. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं असू शकतं. ते दुरुस्त न करता नवा टायर घातला, तर तोही तसाच झिजणार. आतली कड सहसा दिसत नाही. त्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढची चाकं बघा.

खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. त्यावर दुरुस्ती नाही. तो टायर लगेच काढायचा, "गोव्याहून आल्यावर बघू" म्हणायचं नाही. बाजूला पडलेलं पंक्चरही काढून चालत नाही.

दोनच नवे टायर परवडत असतील तर ते मागच्या चाकांना घाला. पुढे घालावेत असं वाटतं, पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली की गाडी फिरते, आणि ती सावरणं फार कठीण असतं. दुकानात नवा टायर बसवण्याआधी त्याचेही चार आकडे वाचा. जुन्या टायरला खाचा कोरून स्वस्तात विकतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि तरुण मंडळींनो, एक काम तुमच्यासाठी. पुण्या-बंगळूरहून सुट्टीला घरी आलात की स्वतःच्या गाडीआधी आई-बाबांची गाडी बघा. ती कमी फिरते, म्हणूनच तिच्या टायरकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोबाईलचा टॉर्च लावा, चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे वाचा, बाजूच्या भेगा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. बाबा म्हणतील, "चालतंय की रे!" तेव्हा वाद घालू नका. त्यांना आकडे वाचायला लावा.