मुठीत मावणारा कॅमेरा

गेल्या महिन्यात सोलापुरात विजापूर वेशीजवळ एका निकाहला गेले होते. जेवणं आटोपली, बायकांच्या दालनात गप्पा रंगल्या. नवरीच्या फुफींनी दुपट्टा बाजूला ठेवला होता. एका भाचीने हसत मोबाइलवर फोटो काढला. आम्ही घरी पोहोचेपर्यंत तो तीन ग्रुपवर फिरला होता. फुफी एवढंच म्हणाल्या, "विचारलं असतंस तर दुपट्टा घेतला असता ना बेटा!"

नकळत फोटो काढणं मोबाइलपासून सुरू झालं असं नाही. 1886 मध्ये जर्मनीत श्टिर्न यांचा बंडीखाली लपवायचा चपटा गोल कॅमेरा निघाला. त्याचं भिंग बटणाच्या काजातून डोकावायचं.

खरा छोटा कॅमेरा बनवला वाल्टर झॅप यांनी. रीगा शहरात 1905 मध्ये जन्मलेले झॅप तरुणपणी फोटोग्राफरच्या हाताखाली काम करत. खिशात सहज राहील असा कॅमेरा त्यांना हवा होता. 1936 मध्ये नमुना तयार झाला आणि 1938 मध्ये रीगाच्या कारखान्यातून 'मिनॉक्स' बाजारात आला. लांबी अवघी 8 सेंटिमीटर. निगेटिव्ह 8 बाय 11 मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या 35 मिलिमीटर रोलवरच्या निगेटिव्हच्या साधारण दहावा हिस्सा. तरी एका रोलवर 50 फोटो निघत! कॅमेरा ओढून पुन्हा दाबला की फिल्म पुढे सरके.

20 सेंटिमीटरवरचा कागदही त्यात स्पष्ट येई. हीच सोय हेरांनी हेरली. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही गुप्त कागदपत्रांच्या नकला त्यावर उतरवल्या गेल्या. माणसांनी जवळ बाळगावा म्हणून केलेला कॅमेरा जगभर 'हेरांचा कॅमेरा' म्हणून ओळखला गेला.

1972 मध्ये कोडॅकने 110 नंबरची फिल्म आणली आणि खिशातले कॅमेरे सामान्य घरांत पोहोचले. आज तर बहुतेक मोबाइलमध्ये फोटो टिपणारा भाग मिनॉक्सच्या निगेटिव्हपेक्षाही लहान असतो.

सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टोह घेण्याला साफ मनाई आहे. भाचीच्या मनात टोह नव्हती, फक्त हौस होती. पण फुफींची बेपर्दगी व्हायची ती झालीच. तिने माफी मागितली, फोटो पुसला. तो आणखी किती मोबाइलमध्ये राहिला, हे कोण सांगणार?

म्हणून मुलांना आजच सांगा: फोटो काढण्याआधी इजाजत घ्या, आणि पुढे पाठवण्याआधी पुन्हा घ्या. दुसऱ्याचा चेहरा आपल्याकडे अमानत असतो.