ताईचा शेजारी डोंगर

हाँगकाँग म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंचच उंच इमारती, दिव्यांचा झगमगाट आणि खरेदी! माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. म्हणून २०२२ साली भाऊजींची तिकडे बदली झाली आणि ताईने बँकेतली बारा वर्षांची नोकरी सोडून ठाण्याचं घर आवरलं, तेव्हा आम्हा सर्वांना तिचा हेवाच वाटला होता.

वर्ष सरता सरता तिचे फोन बदलले. एकविसाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, भाऊजी सकाळी आठला बाहेर पडणार ते रात्री नऊला परतणार, लेक शाळेत. भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही. त्यातच तपासणीत रक्तातली साखर काठावर निघाली. एका रात्री ती हलक्या आवाजात म्हणाली, "आईला सांगू नकोस, पण पोरीची परीक्षा झाली की तिला घेऊन परत यायचं म्हणतेय. इथे मी कुणीच नाही गं."

मला काय बोलावं सुचेना. "अगं, जरा बाहेर पडत जा," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

ताई मात्र खरंच बाहेर पडली. तिचं घर क्वॉरी बे भागात आहे. मुख्य रस्ता ओलांडून चार पावलं गेलं की एक चढ थेट डोंगरात शिरतो, हे तिला वर्षभर माहीतच नव्हतं! वर माउंट पार्कर आहे, ५३२ मीटर उंच. गर्दीच्या या शहरात सुमारे चाळीस टक्के जमीन राखीव उद्यानांची आहे. त्यासाठीचा कायदा १९७६ सालचा. त्यामुळे इमारतींच्या पाठीला पाठ लावून जंगल उभं आहे.

पहिल्या रविवारी ताई बाजारात जायच्या चपला घालूनच निघाली आणि वीस मिनिटांत धापा टाकत बसली. तिथे झाडीत विटांच्या चुलींच्या रांगा दिसल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, शहरावर हल्ला झाला तर लोकांना अन्न मिळावं म्हणून बांधलेल्या. ताईचा मला फोन, "एवढ्या चुली! इतक्या माणसांचा स्वयंपाक कोण करणार होतं गं?" कित्येक महिन्यांनी तिने मला काहीतरी कौतुकाने सांगितलं होतं. पुढच्या रविवारी ती चुलींच्या पुढे गेली. मग बूट घेतले. सहाव्या रविवारी खिंड गाठली.

जुलैत मात्र चांगलीच अद्दल घडली. स्वयंपाक उरकून ती अकरा वाजता निघाली, बरोबर पाण्याची एक छोटी बाटली. आपण ठाण्याचे, आपल्याला उन्हाचं काय, असा तिचा हिशोब. पण तिथली दमट हवा, वर तो चढ! अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. छत्र्या घेऊन उतरणाऱ्या तीन आजीबाईंनी तिला सावलीत बसवलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला, मिठात सुकवलेलं एक आंबट फळ तोंडात घातलं आणि तिघी मिळून तिला भरपूर रागावल्या. ताईला शब्द कळला नाही, पण रागावणं कळलं. शेवटी एकीने घड्याळावर सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणजे सकाळी सहाला ये!

तेव्हापासून दर रविवारी सहा. वाटेत भेटेल त्याला 'जो सान' म्हणायचं, म्हणजे सुप्रभात. घरी वाट सांगून निघायचं. तिथे अतिउष्णतेचा इशारा जाहीर होतो, तो असला की फार तर चुलींपर्यंत. लांब पल्ल्याच्या वाटांवर दर ५०० मीटरवर क्रमांकाचा खांब असतो. संकटात ९९९ ला फोन करून क्रमांक सांगितला की आपण कुठे आहोत ते मदत करणाऱ्यांना कळतं. आणि एक गोष्ट, या डोंगरवाटांवरच्या कचराकुंड्या २०१७ मध्ये उचलून नेल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा. आपल्या सिंहगडावर हे जमेल का, असा प्रश्न मनात आला. उत्तर तुम्हीच द्या.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे गेले. ११ तारखेला चुंग युंगची सुट्टी होती. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याची ही नववी तिथी. या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करतात आणि संकट टळावं म्हणून उंच जागी चढून जातात. अख्खी कुटुंबं चढत होती, कडेवर मूल, हातात काठी. दुसऱ्या दिवशी आपला दसरा!

"त्यांची नवमी, आपली दशमी," ताई म्हणाली. "चल, सीमोल्लंघन एक दिवस आधीच." (दर वर्षी हे असं जुळत नाही बरं का. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. २०२५ मध्ये तो आला आणि त्यांचा सण दसऱ्यानंतर जवळजवळ चार आठवड्यांनी पडला.)

चढताना ताई पुढे आणि मी मागे, बाकावर बाकावर बसत. खिंडीत त्या तिघी आजीबाई हजर होत्या. ताईने डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी पुढे केली. एकीने चटणी जास्त घेतली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा हात पुढे!

मी हळूच विचारलं, "परत यायचं काय ठरलं?"

"ह्यांचा करार संपायला वर्ष आहे. तेव्हा बघू," ती म्हणाली. "साखर थोडी उतरलीय. डॉक्टर म्हणतात, आता भाताचंही बघा." मग खालच्या ताई ताम धरणांच्या पाण्याकडे बघत थोडा वेळ गप्प बसली. "बँकेची आठवण अजून येते गं. रविवारी कमी येते, सोमवारी येतेच."

तिने रिकामा डबा पिशवीत टाकला, माझ्या हातातलं संत्र्याचं सालही काढून घेतलं आणि म्हणाली, "ऊठ. उतरताना सिमेंटचा रस्ता आहे. गुडघे सांभाळ, लहान पावलं टाक."