हजेरीपट आणि द्विमितीय अ‍ॅरे
वसतिगृहातील मुलांना संगणक शिकविणे म्हणजे टंकलेखन शिकविणे, हा तुळजापुरातही रूढ झालेला समज आम्हास मान्य नाही. त्यांनी प्रोग्राम लिहिला पाहिजे; द्विमितीय अ‍ॅरेपाशी थबकण्याचे कारण नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक, तरी रोज हजेरीपट हाताळतोच. नावांच्या ४० ओळी, तारखांचे ३१ रकाने, एकूण १२४० घरे : हाच तो अ‍ॅरे! एका मुलाची महिन्याची हजेरी हवी, तर ओळीने आडवे जायचे; एका दिवसाचा पट हवा, तर रकान्याने उभे उतरायचे. लूपच्या पोटातील लूप तो एवढाच. सी भाषेत मोजणी शून्यापासून होते, म्हणून पहिल्या मुलाची पाच तारखेची नोंद [०][४] या घरात सापडते. शेवटची ओळ ३९ वी. ४० वी मागितली तर भाषा हटकत नाही, भलताच आकडा हाती येऊ शकतो. हे आधी चौकटीच्या वहीवर बोट फिरवून करावे, मग यंत्रावर. परीक्षेपुरता प्रोग्राम पाठ करून घेणे आम्हास अपमानास्पद वाटते. घोकंपट्टीच्या विद्येने आपल्या समाजाला किती काळ दाराबाहेर ठेवले! संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी यावे. हजेरीपट आम्ही तयार ठेवू.