पहिलीची आठवण, दुसरीचा संसार

दुसरेपणाने होणाऱ्या लग्नांबद्दल आपल्याकडे जुळवताना भरपूर बोलले जाते आणि लग्न लागल्यावर कोणीच काही बोलत नाही. वय किती, पहिलीचे मूल आहे का, घर कोणाच्या नावावर, घटस्फोटाचा कागद हातात आला का, हे सगळे बैठकीत विचारून होते. पहिल्या जोडीदारावरची माया अजून किती शिल्लक आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारावे तरी कसे? मग तो प्रश्न सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने, पोटाची नाहीतर डोक्याची तक्रार होऊन आमच्या दवाखान्यात येतो.

बहुधा पस्तिशी-चाळिशीतली स्त्री असते. छातीत जळजळते, मान दुखते, रात्री दोनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, उगीच धडधड होते. रक्तदाब पाहावा तर ठीक. हिमोग्लोबिन थोडे कमी, पण ते आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांचे असते. थायरॉइडची तपासणी केली, ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. जळजळीची गोळी पंधरा दिवस बरी वाटते आणि पुन्हा पहिले पाढे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, उठून दारापर्यंत गेल्यावर ती वळते आणि म्हणते, “डॉक्टर, एक सांगू का? हे अजून तिलाच धरून बसलेत.”

हे वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केले आहेत, पण दुखणे खरे आहे.

अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे दोन सल्ले देतात. बाईला सांगतात, “जाऊ दे, मेलेल्या माणसाचा कसला मत्सर करतेस!” आणि पुरुषाला सांगतात, “आता तिला विसर, हिच्याकडे बघ.” माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. बाईला जे होते तो निव्वळ मत्सर नसतो. आणि पुरुषाने विसरायचे ठरवले तरी मन त्या पद्धतीने चालत नाही.

विसरण्याचे आधी पाहू. फ्रॉइड या मनोविकारतज्ज्ञाने १९१७ साली दुःखावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घ्यावे लागते, तेव्हाच ते नव्या माणसाकडे वळू शकते, असे साधारण त्याचे सूत्र होते. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर मंडळी हेच सांगत राहिली. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी एक ग्रंथ संपादित केला आणि त्यात वेगळाच विचार मांडला. जवळचे माणूस गेले तरी त्याच्याशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते आणि त्यात रोगट असे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विधुर किंवा विधवा नव्या संसारात सुखाने रमलेली असते आणि तरीही तिच्या मनात जुन्या जोडीदाराची एक जागा असते.

हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नव्हती. पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध त्या दिवशी करतात, सवाष्णीला जेवू घालतात. बिजवराच्या घरी हा स्वयंपाक कोण करते? अर्थात दुसरी बायको. काही घरांत पहिलीच्या नावाने चांदीचा टाक करून तो देव्हाऱ्यात ठेवायची, किंवा दुसरीने गळ्यात घालायची रीत होती. या रीतीमागे भीती होती, पहिलीचा त्रास होऊ नये ही समजूत होती, आणि दुसरीच्या गळ्यात सवत बांधण्यात क्रौर्यही होते. तिचे मी समर्थन करणार नाही. पण त्यातली एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. पहिली या घरात होती हे सर्वांनी उघड मान्य केलेले असे, आणि तिला ठरलेली जागा व ठरलेला दिवस असे. उरलेले घर आणि उरलेले दिवस दुसरीचे.

आता काय होते? एका घरात पहिलीचा हार घातलेला मोठा फोटो थेट झोपण्याच्या खोलीत, पलंगासमोर. दुसऱ्या घरात नेमके उलटे. फोटो, साड्या, लग्नाचा अल्बम सगळे माळ्यावर, तिचे नाव काढायचे नाही, लेकराने “आई” म्हटले तरी सगळे गप्प. पहिल्या घरातली बाई रोज रात्री परक्या नजरेखाली झोपते. दुसऱ्या घरातली बाई नवरा गप्प बसला की लगेच ओळखते, हा आता तिच्याकडे गेला. माझा अनुभव असा की दुसऱ्या घरातला त्रास जास्त दिवस टिकतो. फोटो निदान भिंतीवरून हलवता येतो.

तरीही आठवण हे खरे दुखणे नव्हे. खरे दुखणे तुलनेचे आहे. “तिच्या हातच्या आमटीला चव होती.” “ती असती तर पाहुण्यांना असं बसवलं नसतं.” गेलेल्या बायकोची भाकरी पुन्हा कधी करपत नाही, तिचा आवाज चढत नाही, ती माहेरी जाऊन रुसून बसत नाही. जिवंत बाईने तिच्याशी स्पर्धा करायची म्हणजे हरण्याची हमी. काही वाचकांना १९६४ सालचा ‘कोहरा’ हा चित्रपट आठवत असेल. मोठ्या हवेलीत आलेली नवी बायको आणि पहिलीच्या आठवणीने भारलेल्या खोल्या! तिथे निदान हवेली होती. आमच्याकडे दोन खोल्यांत, पहिलीच्या मुलांसह आणि सासूसह हेच नाट्य चालते.

आणि तुलना करणारा दर वेळी नवराच असतो असे नाही. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, पहिलीच्या माहेरची माणसे, यांना त्यात एक प्रकारचे पुण्य लाभते असे वाटते. नवऱ्याचा दोष तेव्हा एवढाच असतो की तो ऐकून गप्प बसतो. त्याला बिचाऱ्याला वाटते, गेलेल्या बाईची स्तुती चालली आहे, मध्ये काय बोलायचे? पण स्वयंपाकघरात उभी असलेली बाई त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असाच लावते. तिथे त्याने एक वाक्य बोलावे, “ती तिच्या जागी, ही हिच्या जागी,” आणि विषय बदलावा. मी हे एका गृहस्थांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, एवढ्याने काय होणार? मी म्हटले, करून पाहा, माझ्या गोळ्यांपेक्षा स्वस्त आहे.

पुरुषाला आठवण काढण्याचा पूर्ण अधिकार आहे. दहा वर्षे जिच्याबरोबर काढली, जिला दवाखान्याच्या फेऱ्यांत हाताला धरून नेले, तिच्यासाठी डोळे भरून आले तर त्यात दुसरीचा अपमान नाही. उलट जो माणूस पहिलीला महिन्याभरात पुसून टाकतो त्याच्याबद्दल दुसरीने जरा सावधच राहावे. पण मोजपट्टी म्हणून तिला वापरण्याचा अधिकार त्याला नाही.

हे सगळे मी पुरुषाच्या आठवणीबद्दल लिहीत आलो, कारण पुरुषाची आठवण उजळ माथ्याने वावरते. स्त्रीचे काय? १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी लग्न केले. कर्वे विधुर, गोदूबाई विधवा. दोघांच्याही मागे एकेक जोडीदार होऊन गेलेला. त्या लग्नानंतर समाजाने त्यांना कसे वागवले हे सर्वांना ठाऊक आहे. आज विधवेच्या लग्नाला निदान चार माणसे येतात, पेढे वाटले जातात. पण तिचा पहिला नवरा? त्याचा फोटो ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत. पहिल्याचे नाव काढले तर “मन अजून तिकडेच आहे” असा शिक्का. पहिल्या बायकोचे वर्षश्राद्ध थाटात करणाऱ्या घरात सुनेला पहिल्या नवऱ्याच्या तिथीला देवापुढे दिवाही लावता येत नाही. हा अन्याय आहे, दुसरा शब्द नाही. आणि या घरांतला नवरा आमच्याकडे येतो तो अॅसिडिटी घेऊन नाहीतर वाढलेली दारू घेऊन. त्यालाही तेच सांगावे लागते. जो माणूस परत येणार नाही त्याच्याशी कुस्ती खेळू नका.

घटस्फोटितांची गोष्ट मात्र निराळी. तिथे पहिली किंवा पहिला जिवंत असतो, फोनवर असतो. १९७६ पासून हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय आहे, पण संमतीने वेगळे झाले म्हणजे माया संपली असे होत नाही. मूल असेल तर बोलावेच लागते. शाळेची फी, आजारपण, सुट्टीत कोणाकडे राहायचे. यावरून रात्री नवरा झोपल्यावर त्याचा मोबाइल तपासणाऱ्या बायका माझ्या माहितीत आहेत, आणि बायकोचा तपासणारे नवरेही. काही सापडले तर झोप उडते, नाही सापडले तर लपवले असेल म्हणून उडते.

माझे मत असे की इथे मायेपेक्षा उघडपणा तपासावा. मुलाविषयीचा फोन घरात, सर्वांदेखत, दिवसाउजेडी होत असेल आणि नंतर दोन वाक्यांत सांगितला जात असेल, तर त्यात जुनी आपुलकी डोकावली तरी घाबरू नये. इतकी वर्षे एकत्र राहिलेल्या माणसाची ख्यालीखुशाली विचारणे हा काही गुन्हा नाही. मात्र फोन गच्चीवर जाऊन, रात्री अकराला, मुलाचा विषय नसताना होत असेल आणि विचारले की आवाज चढत असेल, तर त्या बाईला “तुझा स्वभाव संशयी” म्हणून गप्प करू नये. आम्ही डॉक्टरही हा शिक्का फार लवकर मारतो. संशयाचा खरा आजार असतो. दारूच्या व्यसनात तो विशेष दिसतो आणि त्याला मनोविकारतज्ज्ञांचे औषध लागते. पण कोणी खरोखर फसवत असेल तर फसवल्या जाणाऱ्याला रोगी ठरवणे हे वैद्यक नव्हे.

मग बोलायचे कसे? एक पथ्य पाळावे. मायेबद्दल भांडू नये, वस्तूबद्दल आणि वेळेबद्दल बोलावे. “तुमचं अजून तिच्यावरच प्रेम आहे” या वाक्याला उत्तर नाही. हो म्हटले तर घर पेटते, नाही म्हटले तर खोटे वाटते. त्याऐवजी, “हा फोटो बाहेरच्या खोलीत लावूया, इथे मला झोप लागत नाही,” याला उत्तर आहे. “हे कपाट मला रिकामं करून द्या, साड्या मुलीसाठी नीट बांधून ठेवूया.” “तिची तिथी कधी असते ते मला आधी सांगत जा, म्हणजे त्या दिवशी तुम्ही का बोलत नाही ते मला कळेल.” हे रात्री अंथरुणावर काढू नये आणि सासूसमोर तर मुळीच नाही. मुलाच्या टेबलावरचा त्याच्या आईचा फोटो मात्र हलवू नका. तो त्याचा आहे, त्यात तुमचा वाटा नाही. ज्या बाईने तो फोटो स्वतःहून पुसून जागेवर ठेवला, तिला पोरगे कधीतरी आपण होऊन जवळ करते.

काही वेळा दुःखच आजाराच्या पातळीवर गेलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकाला स्वतंत्र आजार मानले आहे. माणूस जाऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, समाजाच्या रीतीप्रमाणे जेवढे दुःख अपेक्षित असते त्याच्या पलीकडे ते चालले आहे, माणूस गेले हे मन स्वीकारतच नाही, कामधंदा सुटला आहे, असे असेल तर तो माणूस प्रेमळ म्हणून कौतुकाचा नाही, उपचारांचा आहे. आणि त्याचे दुसरे लग्न लावून देणे हा उपचार नव्हे, हे मुलाच्या आईवडिलांनी लक्षात घ्यावे. “लग्न केलं की सुधारेल” या हिशेबात एका मुलीचे आयुष्य औषध म्हणून वापरले जाते.

दुसऱ्या बाजूला, दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, कशातच मन न लागणे, जेवण तुटणे, जगू नये असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. शेजारणीची झोपेची गोळी मात्र मागून घेऊ नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, पुढे त्या सोडवणे हे वेगळेच काम होऊन बसते, आणि फोटो भिंतीवर होता तिथेच राहतो.

आणि बाईने एकटीने येण्यापेक्षा यांनाही आणावे. असल्या कारणासाठी पुरुष दवाखान्यात येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला सांगावे की रक्तदाब तपासायचा आहे. चाळिशीनंतर तो तपासायलाच हवा, त्यामुळे ते खोटेही ठरत नाही. दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटे शांत बसवले की पुष्कळ पुरुष आपण होऊन बोलू लागतात.