विमानतळ, नगरसेवक आणि आपण

लॉस एंजेलिसच्या विमानतळालगत उत्तरेस वेस्टचेस्टर ही वस्ती आहे. तेथील रहिवासी, नगरसेवक, बिल्डर आणि विमानतळाचे प्रशासन यांच्यातील संघर्ष अनेक दशकांचा आहे. 1987 साली प्लाया व्हिस्टाच्या मोकळ्या जमिनीवरील अवाढव्य बांधकामाच्या योजनेमुळे मतदार इतके संतापले, की त्यांनी नगर परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षा पॅट रसेल यांना पराभूत करून रूथ गॅलँटर यांना निवडून दिले. योजना छाटली गेली. वसाहत मात्र उभी राहिलीच. 2013 साली परिषदेने उत्तरेकडील धावपट्टी वेस्टचेस्टरच्या दिशेने 260 फूट सरकविण्यास मंजुरी दिली, तेव्हा स्थानिक नगरसेवक बिल रोझेंडाल यांनी विरोध केला. पुढे रहिवाशांच्या संघटनेशी तडजोड होऊन तो बेत मागे पडला. लोक एकमुखी होते असे नाही. ज्यांच्या घरात विमानतळावरील नोकरीचा पगार येतो, त्यांना विस्तार हवासा वाटावा यात गैर काही नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या लढ्यात ज्यांचा आवाज परिषदेत पोहोचला, त्यांना तेथे स्वतःचा नगरसेवक होता. विमाने मात्र बहुतेक वेळा पूर्वेकडून, इंगलवूड आणि लेनॉक्सच्या छपरांवरून उतरतात. इंगलवूड हे स्वतंत्र शहर आहे. विमानतळाची मालकी लॉस एंजेलिसची, त्यामुळे त्याच्या नगरसेवकांना मत देण्याचा इंगलवूडकरांना अधिकार नाही. लेनॉक्सला तर नगरपालिकाच नाही. तेथील माणसाला दाद मागायची ती काउंटीच्या पाच पर्यवेक्षकांपैकी एकाकडे, आणि असा एकेक पर्यवेक्षक सुमारे वीस लाख लोकांचा असतो. ही वस्ती प्रामुख्याने लॅटिनो आणि कृष्णवर्णीय श्रमिकांची आहे. आवाज सीमा ओलांडतो, मताधिकार ओलांडत नाही.

वैद्यक व्यवसायातील माणूस म्हणून येथे दोन गोष्टी नमूद करतो. ब्रिटन, हॉलंड आणि स्पेनमधील विमानतळांभोवतीच्या शाळांतील 2,800 हून अधिक मुलांची पाहणी 2005 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. विमानांचा आवाज जितका अधिक, तितके मुलांचे वाचन-आकलन कमी, असे तीत आढळले. 2014 साली दक्षिण कॅलिफोर्नियातील संशोधकांनी याच विमानतळाच्या पूर्वेस, वाऱ्याच्या दिशेने, 16 किलोमीटरपर्यंत अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण निदान दुप्पट झालेले दाखविले. समुद्रावरचा वारा वेस्टचेस्टरपेक्षा लेनॉक्सला महाग पडतो.

ज्यांना मत नव्हते, ते गप्प मात्र बसले नाहीत. चर्च, कामगार संघटना, शाळा आणि पर्यावरणवादी अशा वीसहून अधिक संस्थांनी एकत्र येऊन 2004 च्या डिसेंबरमध्ये विमानतळाशी करार केला. सुमारे 50 कोटी डॉलरच्या त्या करारात शाळांना व घरांना ध्वनिरोधक बसविणे, स्थानिकांना नोकऱ्या आणि प्रशिक्षण देणे, आरोग्याचा अभ्यास करणे ही कलमे होती. अंमलबजावणी रेंगाळली, हेही खरे.

आता आपल्याविषयी. दरवर्षी 20 मार्चला आपण महाडचे स्मरण करतो. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 साली केला होता, तो कागदावरच राहिला म्हणून बाबासाहेबांना 1927 साली तेथे जावे लागले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला. नगरपालिकेच्या एका ठरावात किती बळ आणि किती फसवणूक असू शकते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे? तरीही येथील जाहीर सुनावण्यांना आपण फिरकत नाही. "आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचे?" असे म्हणतो. आणि विमानतळाचा विषय निघालाच, तर पहिला प्रश्न असतो: "घराची किंमत उतरेल का?" हा प्रश्न मीही विचारला आहे. आपल्यातील बहुतेकांची घरे विमानमार्गाखाली नाहीत. शिक्षणाने आणि नोकरीने आपल्याला शांत उपनगरे दिली आहेत, त्यामुळे लेनॉक्सच्या वर्गातील मूल आपल्याला दिसत नाही. पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्यांच्या नातवंडांनी असे म्हणावे, हे मला बोचते.

जयंतीला आपण नगरसेवकाला बोलावतो, शाल देतो, छायाचित्र काढतो आणि तो निघून जातो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला लेनॉक्स व इंगलवूडच्या शाळांविषयी दोन प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तर व्यासपीठावरूनच मागावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे पाठवीत आहे. शाल त्यानंतर द्यावी.