‘अस्तु’ कुणी तोलून धरला?

मराठी चित्रपटाबद्दल बोलताना ‘विषय चांगला आहे’ असं म्हणून आपण फार लवकर मोकळे होतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’चंही तेच झालं. २०१३चा हा चित्रपट. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी थेटरात लागायला २०१६ उजाडलं, आणि ‘अल्झायमरवरचा सिनेमा’ म्हणून त्याची नोंद झाली. तो आजही मनात राहतो तो मात्र त्यातल्या नटांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे आजाराची लक्षणं त्यांना तोंडपाठ. अशा वेळी लक्षणांचीच यादी रंगवण्याचा मोह होऊ शकतो. ते तसं काहीच करत नाहीत. शास्त्रींचा व्यासंग, त्यांचा करारीपणा ते शाबूत ठेवतात, आणि त्यातूनच एकेक धागा निसटू देतात. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून कामासाठी उतरते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो. शास्त्रींचे डोळे लहान मुलासारखे चमकतात आणि ते गाडीतून उतरून सरळ हत्तीमागे चालू लागतात. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीसांचा दरारा उभा करणारा हाच नट इथे सगळा अधिकार अंगावरून उतरवून ठेवतो.

इरावती हर्षेच्या वाट्याला त्याहून अवघड काम आलं आहे. वडिलांना शोधणाऱ्या इराला कासावीस दिसणं भाग आहे. पण त्या काळजीत थकवा आहे, चीड आहे, आणि त्या चिडीची लाजही आहे. हे सगळं ती एकाच चेहऱ्यावर वागवते, रडून सहानुभूती मागत नाही.

आणि अमृता सुभाष! माहुताची बायको चन्नम्मा. घरात दारिद्र्य, तोंडी कानडी, आणि दारात हा अनोळखी म्हातारा. तो तिला आई म्हणतो आणि ती आईसारखीच त्याचं करू लागते. या भूमिकेत करुणेचं प्रदर्शन सहज झालं असतं. अमृता तिला कामाच्या लगबगीत ठेवते. घरात आणखी एक पोर आलं तर बाई जशी त्याचंही करेल, तसं. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला, तो रास्तच होता.

पटकथा काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त समजावते. भूतकाळातले प्रसंग आणि तत्त्वचर्चा थोडी आवरती घेतली असती तर चित्रपट अधिक बांधेसूद झाला असता. पण जिथे संवाद सांगू लागतात, तिथे ही माणसं ते खरं करून दाखवतात.

घरात असं आजारपण असेल तर ‘अस्तु’ जरूर बघा. माहिती डॉक्टर देतीलच. पण दिवसरात्र सेवा करणाऱ्या माणसाला रागही येतो, आणि राग आला म्हणून त्याची माया खोटी ठरत नाही, हे इराकडे पाहून जसं पटतं तसं ते कुठल्या माहितीपत्रकातून पटणार नाही. अभिनयाची ताकद मी यालाच म्हणते.